मागच्या सीटची चौकशी

सुकापूर,
५ जुलै २००९

मस्कतनिवासिनी झुबेदाबाई यांस सुकापूरच्या पायदळाचा साष्टांग नमस्कार,

साष्टांग अशासाठी की आठही अंगं दुखतायत. आपली शाळा जूनपासून सकाळची झाली. सातला प्रार्थना. आपली म्हणजे तीच, जुन्या पनवेलमधली, जिथे तू दहावीला संस्कृतात माझ्यापेक्षा तीन मार्क जास्त पाडलेस आणि लग्न करून समुद्रापलीकडे निघून गेलीस. हरलेला माणूस रणांगणावरच राहतो, तशी मी त्याच फळ्यापुढे त्याच विषयाची बाई होऊन राहिले.

इतकी वर्षं आमचे दिनानाथराव मला मोटरसायकलवरून शाळेत सोडायचे आणि मग कचेरीत जायचे. आता त्यांच्या कंटेनर कंपनीनं कचेरीच न्हावा शेव्याला हलवली. पहाटे कंपनीची बस हायवेवर येते आणि त्यांना उचलून नेते. मागे उरते मी, नाक्यावर, छत्री आणि डबा घेऊन. सकाळी सहाला सुकापुरातला रिक्षावाला म्हणजे निर्गुण ब्रह्म. आहे असं सगळे सांगतात, दिसलेला कुणालाच नाही. दिसलाच तर "स्टेशनपर्यंतच येईन" म्हणतो. तिथून पुढे रेल्वेवरचा उड्डाणपूल मी पायी चढते-उतरते, आणि शाळेत पोचते तेव्हा मुलं प्रार्थना संपवून जांभया देत असतात.

परवा मुख्याध्यापिका अरुंधतीबाईंनी खोलीत बोलावून चहा दिला. चहा दिला तेव्हाच कळलं की बातमी वाईट आहे. संस्कृतचे तास पहिलेच असतात, मुलं रिकामी बसतात, दिवाळीपर्यंत बघू म्हणाल्या. तोवर वेळेवर येणं जमलं नाही तर तास हिंदीच्या बाईंना जातील. घरी सांगितलं, तर दिनानाथराव पेपरातून मान वर न काढता म्हणाले, मग स्वेच्छानिवृत्ती घे की, किती दिवस तेच तेच शिकवणार. माणूस वाईट नाही. फक्त त्यांची अशी प्रामाणिक समजूत आहे की मी शाळेत जात होते याचं कारण ते मला सोडत होते.

मला शाळा सोडायची नाही, झुबे. या पत्रात एवढं एकच वाक्य गंभीर आहे, ते जपून ठेव.

तर आता मुद्दा. बाजारपेठेत अवधूत नावाचे एक गृहस्थ आहेत. पूर्वी मिक्सर विकायचे, आता विजेवर चालणाऱ्या स्कूटर विकतात. त्यातली धाकटी स्कूटर तासाला पंचवीस किलोमीटरच्या वर जातच नाही, म्हणून सरकार तिला वाहन मानत नाही. लायसन्स नको, नंबरप्लेट नको. हे ऐकल्यावर मला तिच्याविषयी एकदम बहिणीची माया वाटली. आता एकावन्नाव्या वर्षी हे धाडस करावं का? माझा वाहनानुभव म्हणजे शाळेच्या मैदानावर तुझ्याबरोबर शिकलेली भाड्याची सायकल. तुझं मत कळव. फोन करू नकोस, फोनवर तू तीनदा "आणि काय" म्हणतेस आणि ठेवतेस.

तुझी पदाती,
पद्मजा


मस्कत,
२१ जुलै २००९

पंडिता पद्मजाबाईंना झुबेदाचा सलाम, आणि त्यांच्या आठही अंगांना बाम,

तीन नव्हे, चार मार्क. तुझं गणित तेव्हाही असंच होतं.

घे गाडी. डोळे मिटून घे, चालवताना फक्त उघड. चालवण्यातलं मला काही कळत नाही. पंचवीस वर्षं मी मागच्या सीटवर बसलेय, आधी अब्दुल्लाच्या, आता आमच्या लेकाच्या, फहादच्या. तेव्हा मागच्या सीटबद्दल मात्र मला विचार, त्यात मी पीएचडी. गाडी पुढून तर कुणीही बघतं. तू दुकानात गेलीस की आधी मागे बसून बघ. गादी किती जाड आहे? पाय टेकायला जागा आहे, की सर्कशीतल्या अस्वलासारखे लटकवत ठेवायचे? धरायला कडी आहे का? मागच्या चाकाला जाळी आहे का? अबायाचा घोळ चाकात अडकला तर तमाशा होतो, इथे आमच्या बिल्डिंगमधल्या एका बाईचा झाला होता. आणि ती दोन मोठ्या माणसांना घेऊन पूल चढेल का, हे नक्की विचार. चढली नाही तर काय उपयोग?

आमच्याकडे सगळी खैरियत. अब्दुल्ला हल्ली दुपारचाच घरी येतो. परवा त्यानं माझ्या मसाल्याच्या सगळ्या बरण्यांना लेबलं लावली. हळदीवर "हळद" असं लिहिलंय. इतकी वर्षं मी ती कशी ओळखत होते, अल्ला जाणे.

भाऊजींना सलाम. त्यांना सांग, शाळा सोडायची नसते, शाळेनं आपल्याला सोडायचं असतं.

तुझी,
झुबेदा


सुकापूर,
९ ऑगस्ट २००९

पृष्ठासनपारंगत झुबेदाबाई यांस,

चार तर चार. विजेत्यांनी इतकं चोख लक्षात ठेवू नये.

काल दुकानात गेलो. खरं तर मी एकटीच जाणार होते, पण दिनानाथराव म्हणाले, बाईमाणसाला एकटं बघून दुकानदार टोपी घालतात. म्हणून ते आले, आणि त्यानंतर अवधूतरावांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. सगळी माहिती "साहेबांना". मी टोपी घालण्याच्याही लायकीची उरले नाही.

गाड्या दोन आहेत. धाकटीचं नाव पवन. थोरलीचं गजराज. तिची मोटर मोठी, त्यामुळे तिला लायसन्स लागतं आणि नंबरप्लेटही. अवधूतराव मनानं अजून मिक्सरच विकतात. म्हणाले, "साहेब, पवनची मोटर चटणीची. ओलं खोबरं, कोथिंबीर, एकदम झकास. तिच्यात इडलीचं पीठ घालाल तर गरम होणार. गजराजमध्ये तुम्ही उडीद घाला, तांदूळ घाला, ती ऐकते." आमच्यातला उडीद कोण आणि तांदूळ कोण, हे मी विचारलं नाही.

मग त्यांनी वजनं विचारली. पवन दोघांचं मिळून एकशेतीस किलोपर्यंत घेते असं माहितीपत्रकात छापलंय. दिनानाथरावांनी न अडखळता साठ सांगितलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. साठ ते आमच्या लग्नात होते, तेसुद्धा जेवणाची पंगत बसायच्या आधी. मग माझी पाळी आली. मी छप्पन्न सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या संसारात एकमेकांचं गुपित इतक्या इमानानं आम्ही पहिल्यांदाच राखलं. अवधूतरावांनी बेरीज केली आणि खूश होऊन म्हणाले, मग मध्ये गव्हाची पिशवीसुद्धा बसेल.

खरी गोम पुढे आहे. दिनानाथरावांना गजराज आवडली. घ्यायची तर दोघांची घ्यावी, मी चालवीन, तू मागे बस, असा निर्णय त्यांनी दुकानातच दिला. मी आठवण केली की तुमची बस सहाच्या आधी असते. त्यावर म्हणाले, त्याच्या आधी तुला शाळेत सोडतो. म्हणजे शिपाई यायच्या आधी तासभर मी बंद फाटकापाशी उभी. तिथे काय करू, विचारलं, तर म्हणाले, पाठांतर कर.

ज्या बाईला लायसन्स नाही म्हणून ही खरेदी निघाली, तिच्यासाठी लायसन्सची गाडी घ्यायची! यावर मी अर्धा श्लोक रचलाय: परवाना न पाटी न पेट्रोलं नैव च ध्वनिः। पवनची स्तुती आहे. दुसरी ओळ सुचत नाही.

आता तुझे प्रश्न. गादी: पवनची बोटभर, गजराजची चांगली चार बोटं. कडी दोघींना आहे. जाळी फक्त गजराजला. अबायाचं विचारलंस. मी अजून पंजाबी ड्रेसमध्येही शिरलेले नाही, तेव्हा ते साडीसाठी विचारलंस असं धरून चालते. पुलाचं मात्र प्रत्यक्षच बघायचं ठरलंय. पाऊस ओसरला की अवधूतराव दोन्ही गाड्या पुलावर चालवून दाखवणार आहेत.

अब्दुल्लाभाईंना सांग, आधी साखर आणि मीठ यांना लेबलं लावा. हळद स्वतःची ओळख स्वतः देते.

अर्धश्लोकी,
पद्मजा


मस्कत,
२८ ऑगस्ट २००९

पद्मा,

रमजान चालू आहे, रोजा आहे, त्यामुळे थोडक्यात लिहिते. गजराज घे.

भाऊजींचं बरोबर आहे. गाडी ही दोन माणसांची गोष्ट असते. एकटं माणूस जाऊन जाऊन जाणार कुठे? बाजारात, शाळेत, परत घरी. दोघं असली की ओवे गावाला जाता येतं, आपल्या वर्गातल्या सिदराकडे जाता येतं, नुसतं पुलावर जाऊन उभं राहता येतं. आणि चार बोटं गादी! ती सोडू नकोस. मागे बसणाऱ्या माणसाचा कुणी म्हणून विचार करत नाही. लायसन्सचं काय, सध्या भाऊजी चालवतील, तू सावकाश शीक, पुढच्या वर्षी काढ. घाई काय आहे?

अब्दुल्ला दिवसभर घरीच आहे. रमजानमध्ये ऑफिसं लवकर सुटतात. आमच्या बरण्या संपल्या, आता तो शेजारच्या मल्याळी बाईच्या बरण्यांकडे वळलाय. तिची लेबलं त्यानं मराठीत लिहिली. तिनं "थँक्यू भाई" म्हटलं आणि दार लावून घेतलं.

गजराज. ऐक माझं.

झुबेदा


सुकापूर,
१४ सप्टेंबर २००९

झुबेदाबाई,

काल चाचणी झाली. जे घडलं ते क्रमानं लिहिते.

आधी पवन. दिनानाथराव पुढे, मी मागे, अवधूतराव आपल्या पेट्रोलच्या स्कूटरवरून वाटाड्या म्हणून. सपाटीला गाडी इतकी गुपचूप चालली की एक कुत्रा रस्त्यात झोपलेलाच राहिला, त्याला वळसा घालावा लागला. मग पूल आला. पहिला चढ तिनं उत्साहानं घेतला, पुढचा नाइलाजानं, आणि मग तिचा विचार बदलत चालला. दुधाचे कॅन लावलेला एक सायकलवाला आम्हाला ओलांडून गेला. जाताना आमच्याकडे बघून ओळखीचं हसला. मग गाडी थांबली. बंद पडली नव्हती. फक्त पुढे जात नव्हती. माहितीपत्रकाला जे साठ आणि छप्पन्न पटले होते, ते पुलाला पटले नाहीत.

अवधूतराव वरून ओरडले, साहेब, एकानं उतरायला लागेल. त्यावर दिनानाथरावांनी मान न वळवता सांगितलं, "तू उतर."

मी उतरले. ते भुर्रकन वर गेले. मी पदर खोचून त्या डांबरावरून चढत गेले, जशी रोज चढते. वर ते कठड्याला टेकून उभे होते आणि म्हणाले, "बघ, एकट्या माणसाला कशी मस्त चढते."

हे मी त्यांना दोन महिने सांगत होते. पुलानं एका मिनिटात सांगितलं.

मी म्हटलं, आता मी चालवते. ते म्हणाले, तुला येतं का? तेव्हा अवधूतरावांनी प्रथमच माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, सायकल येते ना? मग ब्रेक सायकलसारखेच. उजवी मूठ पिळली की चालते, सोडली की थांबते." उतारावर दिनानाथराव मागे बसले होते, दोन्ही पाय बाहेर काढून, बोटीला वल्ही असतात तसे. खाली वळसा घेऊन परत चढायला लागलो. त्याच जागी गाडी पुन्हा विचारात पडली.

मी म्हटलं, "उतरा."

"तू दुकानात वजन किती सांगितलं होतंस?"

"तुमच्यापेक्षा कमी खोटं."

उतरले बिचारे. आणि मग मी एकटीच वर गेले, झुबे. त्या गाडीला आवाज म्हणून नाही. मला माझ्या बांगड्या ऐकू येत होत्या. खाली रूळ, समोर बाजारपेठेची कौलं आणि पत्रे, आणि मला तिथे कुणी नेत नव्हतं. मी जात होते. वर पोचून मूठ सोडली तर गाडी शहाण्यासारखी थांबली. दिनानाथराव येईपर्यंत मला बराच वेळ मिळाला, त्यात श्लोकाची दुसरी ओळ झाली:

परवाना न पाटी न पेट्रोलं नैव च ध्वनिः।
सेतौ प्राप्ते पतिः पद्भ्यां पत्नी यानेन गच्छति॥

ते धापा टाकत आले तेव्हा त्यांना म्हणून दाखवला. अर्थ सांगावा लागला नाही.

मग गजराज झाली. तिनं आम्हा दोघांना, ते पुढे, मी मागे, न कुरकुरता पुलावरून पलीकडे नेलं. खाली आल्यावर दिनानाथराव फुलून म्हणाले, हीच. अवधूतराव म्हणाले, हीच, साहेब. मी म्हटलं, पवन.

"अगं, पण ती दोघांना पूल चढवत नाही."

"म्हणूनच."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. तुला लागणार नाही असं मला वाटत होतं. जी गाडी दोघांना नेते, तिच्यावर मी जन्मभर मागे बसणार. जी एकालाच नेते, ती निदान पुलावर विचारते तरी, उतरणार कोण? दसऱ्याला पवन येतेय.

तुझं पत्र मिळालं. ते मी दिनानाथरावांना वाचून दाखवलं नाही, नाहीतर त्यांनी फ्रेम करून लावलं असतं. पंचवीस वर्षं मागे बसून तू मागच्या सीटचीच वकील झालीस, झुबेदा. पुढे बसायचं म्हटल्यावर तू तरी माझ्या बाजूनं बोलशील असं वाटलं होतं.

पद्मजा


सुकापूर,
५ ऑक्टोबर २००९

प्रिय झुबे,

तुझं उत्तर नाही. ईदची गडबड असेल असं पहिल्या आठवड्यात म्हटलं. दुसऱ्यात टपाल खात्याला बोल लावला. आता तिसऱ्यात माझ्याच पत्राची शेवटची चार वाक्यं आठवतात. ती लिहिताना फार मुद्देसूद वाटली होती. ती परत पाठव, खोडून देते.

दसऱ्याला गाडी आली. दिनानाथरावांनी स्वतः झेंडूची माळ आणली, हँडलला बांधली, आणि लांब उभे राहून मालकासारखे बघत राहिले. अवधूतरावांनी रीतीप्रमाणे चाकाखाली लिंबू ठेवलं. ते चिरडायला पवनला दोन प्रयत्न लागले. जमलेली मंडळी लिंबाकडे वाकून बघू लागली. अवधूतराव म्हणाले, लिंबू कडक होतं.

तेव्हापासून मी शाळेत शिपायाच्याही आधी पोचते. अरुंधतीबाई आधी घड्याळाकडे आणि मग माझ्याकडे नुसत्या बघतात. रिक्षावाले मात्र बोलतात. परवा एकानं शेजारून जाताना विचारलं, "मावशी, ढकलू काय?"

फक्त एक अडचण निघाली. रात्रभर चार्जिंगला लावावी तर सुकापुरात भारनियमन, दिवे मध्यरात्रीच जातात. एकदा येताना पुलाच्या पायथ्याशीच ती बसली. मग मी शाळेजवळ तुझ्या सासूबाईंकडे, अम्मांकडे गेले. म्हटलं, शाळा होईपर्यंत तुमच्या ओटीवर गाडी लावू का? अम्मा म्हणाल्या, ये बेटी, ओटी तुझीच, वीजबिल झुबेदाचं. तेव्हापासून रोज सकाळी गाडी तुमच्या ओटीवर वीज पिते आणि दुपारी मी अम्मांकडे चहा पिते.

आणि त्यावरूनच एक विचारायचं आहे. अम्मांनी माडीवरची खोली रंगवायला काढलीय. मला रंग विचारत होत्या, हिरवा की क्रीम. नवा फ्रिज आलाय. कुणीतरी मस्कतहून येताना दोन मोठ्या बॅगा ठेवून गेलंय, त्यांवर अब्दुल्लाभाईंच्या अक्षरात "हिवाळी कपडे" असं लेबल आहे. पनवेलला हिवाळा कधी असतो? कोण येतंय, असं मी अम्मांना विचारलं, तर त्या चहाच्या कपाकडे बघून म्हणाल्या, झुबेदाला विचार.

म्हणून विचारते.

पद्मजा


मस्कत,
१६ ऑक्टोबर २००९

पद्मा,

अम्मांच्या पोटात काही राहत नाही. त्यांनी इतके दिवस ठेवलं हेच नवल.

अब्दुल्लाची कंपनी मे महिन्यातच बंद झाली. तो दुपारी लवकर येत नव्हता, तो कुठे जातच नव्हता. कुणाला सांगायचं नाही म्हणाला, दुसरं काहीतरी मिळेल. मिळालं नाही. बरण्या संपल्या. फहादची नोकरी आहे, तो इथेच राहील. आम्ही दोघं बारा नोव्हेंबरला येतोय. परत जायचं नाही.

तुला लिहायला बसले की हे लिहायचं ठरवायची, आणि हातून मागच्या सीटबद्दलच काहीतरी निघायचं. कारण खरं सांगू का, ती चौकशी तुझ्यासाठी नव्हतीच. माझ्यासाठी होती. मी इथे विचार करत बसायची की पनवेलला जाऊन मी काय करणार? अब्दुल्ला अम्मांच्या बरण्यांना लेबलं लावणार, आणि मी माडीवरच्या खिडकीत. मला तिथला रस्तासुद्धा एकटीनं ओलांडून किती वर्षं झाली. अशात तुझं पत्र आलं, गाडी घेतेय म्हणून. मला वाटलं, सुटले. पद्मा चालवेल, मी मागे बसेन. दोघी ओव्याला जाऊ, बाजारात जाऊ, तू दुकानदारांशी संस्कृतात भांडशील, मी भाव करीन. म्हणून चार बोटांची गादी. म्हणून जाळी. अबाया साडीसाठी विचारला असं तू समजलीस, तेव्हा मी हसले, आणि मग हसले नाही.

तुझ्या त्या वाक्यानं राग आला नाही. ते खरं होतं, म्हणून उत्तर सुचलं नाही. मागच्या सीटवर बसून बसून मला हेसुद्धा कळलं नाही की मी तुला मागे बसायला सांगतेय.

पवन घेतलीस ते बरं केलंस. हे मनापासून लिहिते. पण ती दोघींना पूल चढवत नाही, आणि तू पुलाच्या त्या बाजूला, मी या. तू शाळेला येशील तेव्हा भेटशीलच. चहा मी करीन, अम्मांचा गोड असतो.

अम्मांना सांग, क्रीम.

झुबेदा


सुकापूर,
२७ ऑक्टोबर २००९

झुबे,

क्रीम सांगितलं. पहिला हात झालाही. अम्मा म्हणतात, हिरवाच बरा होता.

दिवाळीच्या सुटीआधी अरुंधतीबाईंनी नवं वेळापत्रक लावलं. पहिला तास संस्कृत, आणि कंसात माझंच नाव. हिंदीच्या बाई येऊन माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, वाचले हो. मुलांना अजून कळलेलं नाही की त्यांचं काय नुकसान झालं.

दिनानाथरावांची बातमी अशी. दर रविवारी ते माझ्याबरोबर बाजारात येतात. पूल आला की मी काही म्हणायच्या आत उतरतात आणि पिशवी घेऊन चालू लागतात. शेजाऱ्यांना सांगतात, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. डॉक्टरांनी असं काहीही सांगितलेलं नाही. परवा मी नेहमीप्रमाणे वर थांबले होते, तर हे मला ओलांडून तसेच पुढे उतारावर गेले आणि खाली उभे राहून माझी वाट बघू लागले. का, विचारलं, तर म्हणाले, जरा तुझ्यासाठी थांबून बघितलं. कंपनीच्या बसमध्ये हल्ली "मिसेसची गाडी" असा उल्लेख करतात, असं ऐकते.

आता तुझं. मे महिन्यापासून तू हे पोटात ठेवलंस आणि मी तुला गादीची जाडी मोजून कळवत बसले. यावर तू आल्यावर बोलेन, कागदावर नाही. अब्दुल्लाभाईंना सांग, शाळेच्या ग्रंथालयात दहा कपाटं आहेत आणि एकालाही धड लेबल नाही. अरुंधतीबाईंशी बोलले आहे, त्या वाट बघतायत.

आणि मागच्या सीटबद्दल. ती तुला मिळणार नाही, झुबे. चौकशी बंद कर. पुढे तू बसायचंस. ज्या मैदानावर आपण भाड्याची सायकल शिकलो, ते रविवारी सकाळी रिकामं असतं. उजवी मूठ पिळली की चालते, सोडली की थांबते, याहून जास्त त्यात काही नाही, आणि तू तर माझ्यापेक्षा चार मार्कांनी हुशार. चाकाला जाळी अवधूतराव बसवून देणार आहेत. मी अबाया म्हटलं, त्यांनी एक शब्द न विचारता टेप काढून माप घेतलं.

मागे मी बसेन. गादी बोटभरच आहे, मला चालेल. माझं खरं वजन तेव्हा तुला कळेल, ते कुणाला सांगायचं नाही. मैदान झालं की बाजारपेठ, बाजारपेठ झाली की पूल. चढावर गाडी मंदावेल, तेव्हा घाबरू नकोस, मूठ सोडू नकोस आणि मागे वळून बघू नकोस. मी उतरलेली असेन.

तू वर जाऊन थांब. मी चालत येते.

पद्मजा